आत्याच्या अंगणातली थरथर

आत्याच्या अंगणातली मांजर काही फरशा टाळायची. अंगण चांगलं वीस पावलांचं, शहाबादी फरशीचं, मधोमध जुन्या हॅन्डपंपाचा कापलेला पाइप. मांजर कुंपणाकडून यायची, पाइपाच्या चार हात अलीकडे थांबायची, कान मागे पाडायची आणि मोठा वळसा घालून भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात शिरायची. परत जातानाही तसंच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो. आत्या हसली नाही.

"तिलेही समजते," ती म्हणाली. "एक तुमाले सोडून."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि सौंसरच्या बाहेर, मोहगावच्या रस्त्याला, स्वतःच्या पगारातून दोन खोल्यांचं घर बांधलं. वय अठ्ठ्याहत्तर. सौंसरच्या बाजारातले अर्धे दुकानदार तिला पाहून आजही हातातला मोबाइल खाली ठेवतात, कारण त्यांचे कान कधी ना कधी तिच्या चिमटीत सापडलेले आहेत. अशी बाई तीन उन्हाळ्यांपासून एकच गोष्ट सांगत होती: दुपारच्याला अंगणातली भुई हलते.

रोज नाही. पावसाळ्यात नाही, हिवाळ्यात नाही. होळी झाली, ऊन चढायला लागलं की सुरू. फरशी तापते म्हणून ती तीनच्या सुमारास दोन बादल्या पाणी ओतायची, कुंड्यांना घालायची, मग पाट टाकून चहा घेत बसायची. आणि कधी कधी तिच्या अनवाणी पायांखाली थरथर यायची. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. "जसं खाली कोणी चक्की चालू केली," ती सांगायची. "अन् गांडुळं वर येतात, पाइपाजवळच्या मातीतून. भर उन्हात येऊन मरतात बिचारे."

गांडुळांचं ऐकून तर आमची खात्रीच पटली. घरात एकमेकांकडे पाहून आम्ही जे डोळे केले, ते तिने पाहिले असणार. शिक्षिकेला मागच्या बाकावरचं सगळं दिसतं.

तिने तहसिलीत अर्ज दिला, जवळच्या खाणीतल्या सुरुंगांनी घर हलतं म्हणून. सुंदर अक्षरात, दोनदा. तिथला एक बाबू, तिचाच विद्यार्थी, येऊन गेला. बूट घालून अंगणात पाच मिनिटं उभा राहिला, चहा प्यायला, पाया पडला आणि गेला. मग शेजारची एक बाई म्हणाली की एखाद्या शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला न्या, बरं वाटेल. आत्या म्हणाली, "दर्शनाले केव्हाही येतो. पण भुई हलून राहिली, मी नाही हलून राहिली."

नागपूरचा माझा थोरला भाऊ, दादा, त्याला मात्र काळजी लागली होती आणि ती खोटी नव्हती. त्याने मला फोनवर स्पष्ट सांगितलं: "भुई खरंच हलत असेल, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नसेल हलत, तर मग तिचं डोकं हलतंय. आणि अशा माणसाला एकटं ठेवता येत नाही. मी तिला इकडे घेऊन येतो, घर बंद करू."

त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. आत्याला हे कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तिकडे मले कोणती भुई?" मग माझ्याकडे बोट केलं. "याले पाहू दे. हा जे म्हणन ते मी मानीन."

झालं. आत्याचं घर माझ्या शब्दावर आलं. ज्या माणसाच्या शब्दावर त्याची बायको साधी भाजी आणत नाही, त्या माणसाच्या.

मी कोण, तर पांढुर्ण्यात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आहे म्हणजे, पाटी आहे. आत मी मोबाइलची कव्हरं विकतो. सातवीत असताना मी वडिलांचा रेडिओ उघडला होता. बंद केल्यावर तीन स्क्रू उरले आणि तरी तो वाजला, तेव्हापासून घरात मी इंजिनेर. हातात हुनर आहे, नाही असं नाही. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या उस्तादांनी पहिल्या दिवशी एकच धडा दिला होता: कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचा, हाताची पाठ. सरळ हाताने धरली आणि तिच्यात करंट असला, तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात आपोआप मागे येतो. तीस वर्षं मी प्रत्येक टीव्हीला, प्रत्येक कुलरला आधी उलटा हात लावत आलो. लोकांना वाटायचं, मी मशीनचा ताप पाहतो.

तर मी ठरवलं, भूकंप मोजायची मशीन करायची. शब्द मोठा आहे, वस्तू साधी. एका दांडीच्या टोकाला वजन लटकवायचं, असं की जमीन हलली तरी ते आपल्या जागी राहू पाहील. त्याला लोहचुंबक लावायचं, जमिनीच्या बाजूला तारेचं वेटोळं ठेवायचं. जमीन हलली की वेटोळ्यात इवलासा करंट येतो. तो वाढवून कॉम्प्युटरला द्यायचा, तो पडद्यावर रेघ काढतो. दांडी जुन्या अँटेनाची, वजन किराणा दुकानातलं दोन किलोचं, चुंबक फाटक्या स्पीकरचं. वेटोळं मी दोऱ्याच्या रिळावर हाताने गुंडाळलं, केसाएवढी तार, हजारो वेढे. बायको मोजत होती. मध्येच तिने विचारलं, "दूध उतू गेलं का पाहू?" आणि आमचा आकडा गेला तो गेलाच. वाऱ्यापासून आडोसा म्हणून वर संत्र्याची पेटी उपडी घातली.

मार्च संपता संपता ही मशीन मी सौंसरला नेली आणि आत्याच्या व्हरांड्यात, पक्क्या सिमेंटवर मांडली. अशा मशीनला चांगली अर्थिंग लागते. आत्याच्या घरातल्या थ्री-पिनचं तिसरं भोक शोभेचं होतं. म्हणून मी एक तार अंगणात नेली आणि हॅन्डपंपाच्या पाइपाला क्लिप लावली. हॅन्डपंप आटून जमाना झाला होता, दांडाही काढून टाकलेला, पण पाइप खडक फोडून खोल गेलेला. त्या सगळ्या भागात याहून चांगली अर्थिंग नाही, हे मला पक्कं माहीत होतं. कसं माहीत होतं, ते मला तेव्हा आठवलं नाही.

मी व्हरांड्यात पाय आपटला, रेघ उडाली. रस्त्याने कापसाचा ट्रक गेला, रेघेवर छोटी लाट आली आणि विरली. मी खूश. आत्या अंगणात पाणी ओतून पाटावर बसली. पडदा तिच्याकडे नव्हता, माझ्याकडे होता. ऊन पांढरं झालं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि चहाचा कप तोंडाशी असतानाच तिने डाव्या हाताचं बोट वर केलं, वर्गात गप्प बसवताना करायची तसं.

"आली."

मी पडद्याकडे पाहिलं. रेघ फुगली होती. सुतासारखी होती ती सुतळीसारखी झाली होती, वरून काटेच काटे. आवाज नाही, भांडं वाजलं नाही, संत्र्याची पेटी जागच्या जागी. फक्त ती जाड रेघ आणि आत्याचं बोट. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने बोट खाली केलं. "गेली." आणि त्याच क्षणी रेघ पुन्हा सुतासारखी.



खरं तर तिथेच मी उठून दादाला फोन करायला हवा होता. पण दुरुस्तीवाल्याला एक खोड असते, त्याला खरं वाटतच नाही. मी ती रेघ पुन्हा पुन्हा पाहिली. जमीन हलते तेव्हा लाट येते, मोठी होते, विरत जाते, त्या ट्रकसारखी. ही तशी नव्हती. ही नळ उघडावा तशी आली आणि नळ बंद करावा तशी गेली. मधे सगळी एकसारखी. ही चाल भुईची नाही, विजेची होती. माझ्या मशीनमध्ये खरखर होती. अन् ती नेमकी आत्याच्या बोटाबरोबर आली, हा योगायोग.

"पाहिलं?" आत्या म्हणाली.

"पाहिलं. पण मशीनमध्ये थोडी गडबड आहे आत्या. ती काढून सांगतो."

"काढ बापा. तुही गडबड तूच काढ."

त्यानंतर दोन महिने मी दर तीन-चार दिवसांनी पांढुर्ण्याहून सौंसरला बसने जात होतो. कंडक्टर विचारायचा, काका, सासुरवाडी आहे का इकडे? पिशवीत डाग द्यायचा कैया, मीटर आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन हिंडणारा पन्नाशीचा माणूस. मी काय सांगणार?

कायमचा बिघाड सोपा असतो. येणारा-जाणारा बिघाड माणसाची परीक्षा पाहतो. माझा पहिला संशय उष्णतेवर. तारेच्या सांध्याचा डाग कच्चा राहिला असेल, तर ऊन चढल्यावर सांधा फाकतो, सायंकाळी पुन्हा जुळतो. उन्हाळ्यातच, दुपारीच, कधी आहे कधी नाही; सगळं बसत होतं. मी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक सांधा ठोकून पाहिला. ड्रायरने तापवला, बर्फ लावून थंड केला. सगळे डाग नव्याने दिले. चिप बदलली. पंख्याच्या वायरपासून माझी वायर लांब नेली. सर्किट तुपाच्या डब्यात बंद केलं. प्रत्येक वेळी एक-दोन फेऱ्या रेघ स्वच्छ, मी खूश, आत्याचं बोटही खाली. आणि मग एखाद्या दुपारी बोट वर, रेघ जाड.

हेच मला समजत नव्हतं. मी मशीन दुरुस्त केली की आत्याची भुईही दुरुस्त कशी होत होती?

एकदा मी मशीन पांढुर्ण्याला घरी आणून आठ दिवस चालवली. एकही काटा नाही. ट्रक, मालगाड्या, बायको मसाला कुटत होती तेवढं. बायको म्हणाली, "मशीन इथं शहाण्यासारखी वागते. मग खोट तिथल्या घरात असन ना." मी म्हटलं, तू मसाला कुट.

मग मी शेवटचा उपाय केला, जो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. वेटोळंच काढून टाकलं. त्याच्या जागी साधा रेझिस्टर लावला, तेवढ्याच ओहमचा. आता मशीनला पायच उरले नाहीत. आता खाली डोंगर कोसळला तरी तिला कळणार नव्हतं. आत्या त्या दिवशी नव्हती. तिच्या शाळेतल्या कोणाच्या तरी घरी बारशाला गेली होती. जाण्याआधी अंगणात पाणी टाकून गेली होती. घरात मी एकटा. पावणेचार वाजले असतील. ओली फरशी वाफ सोडत होती. मांजर व्हरांड्याच्या कोपऱ्यात आली, बसली आणि पाइपाकडे पाहू लागली. तिच्याकडे पाहून मी पडद्याकडे पाहिलं.

रेघ जाड झाली.

जमिनीशी काही संबंध न उरलेली मशीन. बोट वर करायला आत्या नाही. आणि तरी ते आलं होतं. मांजर हलत नव्हती, मीही हललो नाही. त्या अर्ध्या तासात मला लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टी आठवल्या आणि मारुतीचं स्तोत्र निम्मंच पाठ आहे याची लाज वाटली. मग रेघ बारीक झाली. मांजर उठून गेली, वळसा घालून.

त्यानंतर मी विचार केला तो भीतीने नाही, हट्टाने. जमिनीतून हलून नाही, घरातल्या विजेवरून नाही (कॉम्प्युटर बॅटरीवर होता), मग उरलं काय? एकच तार बाहेर जात होती, अर्थिंगची. पुढच्या फेरीत मी पाइपाची क्लिप काढून टाकली. त्या दुपारी आत्याचं बोट वर गेलं आणि रेघ सुतासारखीच राहिली. पुढच्या फेरीलाही. त्याच्या पुढच्याही. वेटोळं परत लावलं, तरी स्वच्छ. ट्रक दिसला, पायांचा आवाज दिसला, आत्याची थरथर दिसली नाही.

खरखर सापडली! अर्थिंगच्या तारेतून घाण येत होती. ती तार काढली, विषय संपला. त्या आनंदात मला विचारायचं सुचलं नाही की ही घाण येते कुठून. बिघाड सापडला की दुरुस्तीवाल्याचं डोकं दुकान बंद करून घरी जातं.

मी आत्याला पडदा दाखवला. "हे पाहा. आता मशीन चोख आहे. तू बोट वर केलं तेव्हा इथे काहीच नाही. भुई नाही हलत, आत्या."

ती चष्मा लावून बराच वेळ रेघ पाहत राहिली. "अन् आधी हलत होती ते?"

"ती मशीनची चूक होती."

"म्हणजे मशीन अन् मी, दोघीही चुकून राहिलो होतो. सोबतच." तिने चष्मा काढला. "मशीन तू सुधारली."

मी काढलेली तार गुंडाळत बसलो.

"तू म्हणतो तर नसन हलत," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता."

दादाला मी तसं कळवलं. त्याने जूनच्या आधीचा एक रविवार ठरवला. त्या दिवसापासून आत्याने बोट वर करणं सोडून दिलं. मी दोनदा गेलो तेव्हा ती पाटावर बसली होती आणि मध्येच, बोलता बोलता, दोन्ही पाय उचलून पाटावर घेतले.  थोड्या वेळाने पाय खाली ठेवले. मी काही विचारलं नाही. ते तिचं पाय उचलून घेणं मला आजही दिसतं. तहसिलीपुढे न हरलेली बाई माझ्यासमोर गुपचूप पाय वर घेत होती.

शनिवारी मी सामान बांधायला गेलो. दादा रविवारी सकाळी गाडी घेऊन येणार होता. आत्याने एक ट्रंक, दोन पिशव्या आणि पितळी डबा एवढंच काढलं होतं. कुंड्या शेजारणीला. मांजरीचं काय, हे तिने विचारलं नाही, म्हणून मीही काढलं नाही. तीन वाजता ती उठली, चार बादल्या भरल्या आणि सगळं अंगण धुतलं. रोजच्यापेक्षा जास्त पाणी. पाइपाभोवतीच्या कुंड्यांना, तिथल्या उघड्या मातीला भरपूर घातलं.

मी व्हरांड्यात ट्रंकेला दोरी बांधत होतो. तिने हाक मारली. "इकडे ये."

पाइपाजवळच्या मातीतून गांडुळं निघत होती. एक नाही, दहा-बारा. मे महिन्याच्या उन्हात, वाफाळत्या फरशीवर, एकमेकांवरून वळवळत, सगळी पाइपापासून दूर, जसा खाली कोणी जाळ लावला. दोन-तीन फरशीवर जाऊन तिथेच आखडली.  माझ्या पायांत नेहमीच्या मऊ रबरी चपला होत्या. मला साखर आहे, टाचांना भेगा आहेत, डॉक्टरांनी अनवाणी पाऊल टाकायला बंदी केली आहे. त्यामुळे जिच्या घरात चपलेला कधी प्रवेश नव्हता, तिने एकट्या मला सूट दिली होती.

"चप्पल काढ," आत्या म्हणाली.

"आत्या, डॉक्टरने मले..."

"काढ म्हणते ना."

त्या आवाजापुढे पन्नाशी टिकत नाही. मी चपला काढल्या आणि ओल्या फरशीवर उभा राहिलो. काही नाही. माझे तळवे अर्धे बधिर. मग वाटलं, डाव्या अंगठ्याजवळ काही तरी सरपटतंय. खाली पाहिलं, गांडूळ नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो, पण माझा आवाज मलाच पटला नाही.

"उद्या मी चालली. त्याच्या आधी एकदा हात लाव भुईले. मशीन नको. तुहा हात."

मी उकिडवा बसलो. आणि तीस वर्षांची सवय, हात उलटा झाला. पाइपापासून वीतभर अंतरावर मी उलटा हात ओल्या फरशीला टेकवला.

हात आपोआप मागे आला.

ती थरथर मी ओळखत होतो. लोखंडी कुलरच्या अंगातून, जुन्या टीव्हीच्या पत्र्यातून, गळक्या गीझरच्या नळातून, हजारदा ती माझ्या हाताला भेटली होती. भुई हलत नव्हती. भुईत करंट होता. आणि त्याबरोबर मला आठवलं की या पाइपाची अर्थिंग चांगली आहे, हे मला का माहीत होतं.

आत्याच्या कुंपणामागे संत्र्याचा बगीचा आहे. तो ज्याचा, तोही तिचा विद्यार्थी, तिला बाई म्हणतो. अडीच वर्षांपूर्वी, डिसेंबर असेल, तो माझ्याकडे आला होता. शेताच्या लाईनला तीन फेज ठरल्या वेळीच येतात. बाकी वेळ एखाद-दुसऱ्या फेजमध्ये जीव असतो. करंट परत नेणारी न्यूट्रल तार नसली तरी फेज एक आणि दुसरी तार जमिनीत, असं करून इकडे सगळेच लहान मोटरी चालवतात. करू नये, हे मला माहीत होतं. पण त्याच्या खडकात अर्थिंग लागत नव्हती आणि फवारणीच्या टाकीची छोटी मोटर चालत नव्हती. आत्याच म्हणाली होती, "दे ना काही तरी करून, माह्या वर्गातला आहे." मग मी एका रविवारी कुंपणाखालून चर खोदला, तार आणली आणि या पाइपाला, जमिनीखाली हातभर, पक्की बांधली. मोटर फिरली. मला टोपलीभर संत्री मिळाली. महिन्याभरात आत्याने अंगणात फरशी घातली आणि मी ते साफ विसरलो.

हिवाळ्यात, पावसाळ्यात जमीन ओली, करंट खाली निघून जायचा. उन्हाळ्यात खालची माती कोरडी पडायची आणि वरची फक्त आत्या ओली करायची. आणि त्यावर अनवाणी बसायची. मोटर टाकी भरण्यापुरतीच, दोन-चार दिवसांआड चालायची; माझ्या दुरुस्तीनंतरच्या शांत फेऱ्या म्हणजे मोटरची सुट्टी. त्या पाइपाला तिने कधी ओल्या हाताने धरलं असतं तर... हे वाक्य मी आजवर पूर्ण केलेलं नाही.

"काय झालं?" तिने विचारलं. "पांढरा पडला तू."

"आत्या, तिकडे व्हरांड्यात जा. चप्पल घाल. माझी घाल."

ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही न विचारता ऐकलं. मी लाकडी खुर्चीवर चढून कुंपणापलीकडे ओरडलो, "अरे, मोटर चालू आहे का तुही?"

"हो भाऊ! टाकी भरून राहिलो! काऊन?"

"बंद कर!"

बंद झाली. मी क्लिप पुन्हा पाइपाला लावली, मशीन चालू केली. रेघ सुतासारखी.

"चालू कर!"

रेघ जाड.

"बंद!"

सूत.

"भाऊ, काय खेळ लावला?" पलीकडून आवाज आला. आत्या माझ्या मोठ्या रबरी चपला घालून पडद्यासमोर उभी होती. मी आणखी एकदा "चालू" म्हटलं. या वेळी रेघ फुगली तेव्हा तिने, सवयीने, बोट वर केलं. मग स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.

मोटर बंद करून तो धावत आला. दोघांनी मिळून फरशी उचलली, माती काढली. हातभर खाली पाइपावर तारेचा वेढा होता, आणि वेढ्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, कडा दुमडून, वर दोन गाठी. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत असा सांधा फक्त माझ्या दुकानातून बाहेर पडतो. लोक तो पाहून सांगतात की हे काम कोणाचं. माझ्याच हाताची वस्तू जमिनीतून वर निघताना पाहणं बरं नसतं. तो बिचारा मातीने भरलेल्या हातांनी बाईंसमोर उभा होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मले काय माहीत, बाई." मी म्हटलं, तुझा काही दोष नाही. ते म्हणताना तार मी माझ्या हाताने कापली.

दादाला फोन आत्यानेच लावायला सांगितला, स्पीकर चालू ठेवून. मी सगळं सांगितलं. 

"म्हणजे भुई हलत नव्हती," दादा म्हणाला.

"नव्हती."

"पण आत्याला लागत होतं ते खरं होतं."

"खरं होतं."

"आणि ते तूच केलं होतंस."

"हो."

"मग डोकं तिचं नाही, तुझं तपासायला हवं."

"त्याले नागपूरले नेऊन ठेव," आत्या मागून म्हणाली. "चौथ्या मजल्यावर."

दादा हसला. रविवारी तो आला, पण ट्रंक उचलायला नाही. पोह्यांवर कैरीचं पन्हं पिऊन, अंगणात अनवाणी उभा राहून गेला. ट्रंकेची दोरी मीच सोडली. बगीचावाल्याने रीतसर कनेक्शनचा अर्ज दिला आणि तोपर्यंत टाकी डिझेलवर भरली.

त्या आठवड्यात एकदा आत्याने मला विचारलं, "किती दिवस मी त्याच्यात बसली?"

"तीन उन्हाळे."

"मले वाटे," ती म्हणाली, "खालून कोणी बोलवून राहिलं. पहिल्या उन्हाळ्यात भेव वाटलं. मग वाटलं, असन आपलंच कोणी. आई असन, बाबा असन." तिने अंगणाकडे पाहिलं. "तू निघाला." आणि ती हसली, पण मला हसता आलं नाही.

मांजर आता अंगणातून सरळ येते. आत्या तीन वाजता पाणी ओतते, पाट टाकते. मशीन मी तिथेच ठेवली आहे, ट्रक मोजायला. माझी चपलेची सूट रद्द झाली. डॉक्टर काहीही म्हणो, आत्याच्या दारात चपला बाहेर. आणि मी आत पाऊल टाकण्याआधी उकिडवा बसतो, उलटा हात फरशीला टेकवतो. आत्या म्हणते, "काऊन रे, ताप आहे का भुईले?"

नसतो. फरशी गार असते, शांत असते. तरी मी हात लगेच उचलत नाही.